टिटवीच्या पाठीवर ऊन

"आत न्हाई यायचं, सर. बाळंतिणीची खोली हाय," आई दारात आडवी उभी राहून म्हणाली.

"नाही नाही, मी इथंच थांबतो," उपळेकर सरांचा आवाज आला. "वैजयंतीशी दोन शब्द बोलायचे होते. कामाचं आहे."

"आत्ता कसलं काम? लेकरानं अजून धड डोळं उघडलं न्हाईत."

मी आतून ओरडले, "आई, येऊ दे की त्यांना!"

"तू गप पड. बोलायचं तर पडद्याआडनं बोला." आईनं निकाल दिला. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली आणि दारावरचा पडदा सारला. झालं! कुलगुरूंनाही तिष्ठत ठेवणारे आमचे विभागप्रमुख तासगावात माझ्या माहेरच्या सोप्यात पडद्याकडे तोंड करून बसले.

आत माझी अवस्था काय सांगू! एप्रिलचा महिना. मी बाजेवर कुशीवर पडलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, कानात कापूस. बाजेखाली शेगडी, तिच्यात लालभडक निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून आईनं केलेली धुरी. बाळंतिणीचं अंग ओलं असतं, ते शेकूनच घट्ट होतं, असं आईचं म्हणणं. मी तशी मुळातच तापट, आणि वर हे. अंगाची लाही लाही झाली होती. शेजारी लेक मात्र मजेत झोपली होती.

"बोला सर," मी म्हणाले. "टिटवी कशी आहे?"

पडद्यापलीकडे आईनं ठेवलेला पाण्याचा तांब्या वाजला.

"सोमवारी सकाळी मी तिला गप्प करतोय, वैजयंती," सर म्हणाले. "तिचा कॅमेरा तुझ्या हातचा. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आलो."

मी उठून बसले. आईनं खांद्याला धरून मला परत आडवी केली.

टिटवी म्हणजे आमच्या कॉलेजनं केलेला उपग्रह. लहानशा सुटकेसएवढा. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, म्हणून सरांनी ते नाव दिलं होतं. या एका पोरीपायी सरांनी आयुष्याची चौदा वर्षं घातली. लोक हसले, मंजुऱ्या अडकल्या, दोनदा सगळं काम बासनात गेलं. आणि शेवटी आदल्या वर्षी ती एका मोठ्या उपग्रहाच्या सोबतीनं वर गेली. पहिल्यांदा तिचा आवाज आला तेव्हा सरांनी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले होते. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, मग त्यांच्याच विभागात शिकवायला लागलेली. टिटवीचा तारे बघणारा कॅमेरा मी जोडला होता.

हा कॅमेरा म्हणजे तिची दिशा. काळ्या आकाशाचा फोटो काढायचा, त्यातले तीन तारे ओळखायचे, की तिला कळायचं आपलं तोंड कुठं आणि पाठ कुठं. एकदा दिशा कळली की ती आपली आपण वळायची आणि कॅमेऱ्याची पाठ सावलीत धरायची. कॅमेरा जितका गार, तितका फोटो स्वच्छ. गार ठेवणं हा आमचा धर्मच होता म्हणा ना.

पण वर आपल्यासारखं हवेचं पांघरूण नसतं. प्रोटॉनांचा मारा सारखा चालू असतो. कॅमेऱ्याच्या आत सिलिकॉनचा स्फटिक असतो, आणि त्यात अणू पंगतीला बसल्यासारखे ओळीनं बसलेले असतात. एखादा प्रोटॉन येऊन आदळतो आणि एका अणूला पानावरून उठवतो. तो बिचारा भलतीकडेच अडकून बसतो आणि त्याची जागा रिकामी पडते. त्या रिकाम्या जागेपाशी वीज झिरपायला लागते. मग अंधारातसुद्धा तेवढा ठिपका म्हणत राहतो, इथं उजेड आहे, इथं उजेड आहे. फोटोत तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. असा एखादा खोटा तारा असला तर टिटवी त्याला ओळखून बाजूला सारायची. पण महिन्यामागून महिने गेले तसे ते हजारांनी वाढले, आणि माझी रजा सुरू व्हायच्या सुमाराला तिला खरे तारे सापडेनासे झाले.

दिशा हरवलेला उपग्रह काही कामाचा नाही. वर त्याची बडबड दुसऱ्यांच्या संदेशांत लुडबुड करते. परवाना देणाऱ्या कार्यालयानं सरांना दोनदा मुदत वाढवून दिली होती. ती सोमवारी संपत होती. गप्प करायची कमांड एकदा गेली की गेली. ती मागे घेण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

"पुन्हा मुदत मागा," मी म्हणाले.

"मी शब्द दिलाय, वैजयंती. तिसऱ्यांदा मागणार नाही असा."

"शब्द कशाला दिलात पण!"

"फोटो बघ तिचे, मग बोल," सर म्हणाले, आणि पडद्याखालून लॅपटॉप आत सरकला. आईनं तो पदरानं पुसला आणि बाजेशेजारच्या स्टुलावर माझ्यापुढे ठेवला.

मी एकेक फोटो बघत गेले. पहिले फोटो काळेभोर, त्यात मोजके तारे. मग ठिपके, मग आणखी ठिपके. शेवटचा फोटो म्हणजे काळ्या जमिनीवर रवा सांडावा तसा. माझ्या हातचा कॅमेरा! मला रडू यायला लागलं, आणि धुरामुळं ते लपलंही. पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं आणि मध्येच थांबले.

"सर, नोव्हेंबरपेक्षा डिसेंबर बरा कसा?"

"काय?"

"नोव्हेंबरच्या फोटोत ठिपके जास्त आहेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या फोटोत कमी. मग परत वाढत गेलेत. मध्येच कमी का झाले?"

"मोजण्यात काहीतरी चूक असेल."

"कसली मोजण्यात चूक? डोळ्यांना दिसतंय की धडधडीत!"

सर सावकाश म्हणाले, "डिसेंबरच्या सुरुवातीला तिचा संगणक बंद पडला होता. दोन दिवस ती भरकटली होती, आठवतंय? कॅमेऱ्याच्या पाठीवर सारखं ऊन येत होतं. इतका तापला होता तो, मी घाबरून..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्या बाजेखाली निखारा तडतडला. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला, आणि माझं डोकं एकदम लख्ख झालं.

"सर, आई इथं मला काय करतीय माहितीये? शेकतीय."

"अगं, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. आपणच शिकवतो की, बिघडलेला स्फटिक तापवला की अणू परत जागेवर जातात."

"भट्टीत, वैजयंती. शेकडो अंशांवर."

"ते मुरलेले दोष. हे साधे आहेत, गारठ्यात अडकून बसलेत नुसते. आपणच त्यांना गारठवून ठेवलंय, सर! जरा ऊब मिळाली तर त्यातले काही तरी सुटतील की. डिसेंबरात सुटलेच ना?"

"आणि बॅटरी? कॅमेऱ्याला लागून आहे ती. तापून फुगली तर सगळंच संपलं." सरांचा आवाज चढला. "आणि तिला वळवणार कशी? तारे दिसत नाहीत तिला. सूर्य साधारण कुठं आहे एवढं सांगणारे साधे सेल आहेत फक्त. तो अंदाज चुकला आणि ऊन भिंगातून आत गेलं, तर कॅमेरा जळून कोळसा होईल. चौदा वर्षं मी तिला जपलं, आणि जाता जाता स्वतःच्या हातानं भाजू?"

"सोमवारी तुम्ही तिला मारणारच आहात की!"

हे मी इतक्या मोठ्यानं ओरडले की लेक दचकून रडायला लागली. आई धावत आली.

"कुणाला मारताय वं?"

"टिटवीला," मी म्हणाले.

"अगं बया! पाखराला कशापायी मारायचं? काय केलंय त्येनं?" आईनं लेकीला उचलून खांद्यावर टाकलं आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "सर, शिकलेली मानसं तुमी. असं करू नगा."

पडद्यापलीकडे खुर्ची सरकली, चपला वाजल्या, आणि अंगणात स्कूटर सुरू झाली. लॅपटॉप माझ्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी असिफ मणेरचा फोन आला. असिफ म्हणजे आमच्या गच्चीवरच्या केंद्राचा इंजिनिअर. अँटेना त्यानं स्वतः उभा केलेला. बोलायला लागला की थट्टेशिवाय वाक्य नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज बारीक होता.

"मॅडम, सरांनी पाठवली कमांड. कॅमेऱ्याची पाठ सूर्याकडं, आम्ही सांगेपर्यंत तशीच धर, अशी."

"खरंच पाठवली?"

"सकाळपासून कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी आले, खुर्चीत बसले, पाठवून टाकली. मग मला म्हणाले, असिफ, मी हे काय केलं रे?"

"मग? वळली का?"

"वळली वाटतंय. भिंगात ऊन गेलं की काय ते उद्याच कळेल. तुम्ही तुमचे डिंकाचे लाडू खावा, टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका म्हणे! रविवारचा दिवस मी कसा काढला माझं मला माहीत. टिटवी वरून गेली की असिफ कळवायचा. भिंग वाचलं. कॅमेरा तापतोय. आणखी तापला. बॅटरी कुरकुरतीय, पण तग धरून आहे. मी शेगडीवर पडल्या पडल्या ऐकत होते, आणि काय गंमत बघा, त्या दिवशी मला शेगडीचा राग आला नाही. तीही वर अशीच तापत पडली असेल, एवढंच मनात येत राहिलं. रात्री मी आईला सांगून टाकलं, "सकाळी मला सांगलीला जायचंय. कॉलेजात."

"सव्वा म्हैना उंबरा वलांडायचा न्हाई."

"आई, मी जाणार."

"वारं लागंल. जल्माचं दुखनं घेऊन बसशील."

"लागू दे."

आईनं माझ्याकडे टक लावून बघितलं. माझा हट्ट ती जन्मापासून ओळखून. "मग मीबी येनार," ती म्हणाली. "आन् कानाचं फडकं काढलंस तर बघ."

तर सोमवारी सकाळी कॉलेजच्या गच्चीवरच्या त्या पत्र्याच्या खोलीत मी, आई, कानटोपडं घातलेली लेक, गरम पाण्याचा थर्मास आणि दुपट्यांची पिशवी अशी वरात दाखल झाली.

"या या," असिफ म्हणाला, "अख्खं बाळंतघरच आणलंत." पण हसला नाही. सर टेबलापाशी बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारखे. त्यांनी मला बघून मान हलवली आणि आईला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

त्या सकाळी टिटवी दोनदा दिसणार होती. एकदा पूर्वेच्या बाजूनं आणि मग पृथ्वीला एक फेरा घालून दीडेक तासानं पश्चिमेच्या बाजूनं. सरांनी कार्यालयाला कळवलं होतं, दुसऱ्या खेपेला कमांड जाईल. तिथले नाडगौडा नावाचे अधिकारी त्यासाठी फोनपाशी थांबणार होते.

अँटेना कुरकुरत उत्तरेकडे वळला. खरखर सुरू झाली, आणि त्या खरखरीतून टिटवीची बारीक शीळ आली. आईनं वर पत्र्याकडे बघितलं.

"ही वं?" ती हळूच म्हणाली.

"हीच," सर म्हणाले.

"फोटो येतोय," असिफनं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. ओळीमागून ओळ चित्र उतरायला लागलं. पांढरं. वरपासून खालपर्यंत पांढरं. आधीच्या फोटोत काळं काही उरलं होतं, यात तेही नव्हतं. असलं वाईट चित्र तिनं कधीच पाठवलं नव्हतं.

चित्र संपलं. शीळ विरत विरत दक्षिणेकडे गेली आणि नुसती खरखर उरली. असिफनं आवाज बंद केला.

"भाजली," सर म्हणाले.

"नाही, सर. तापलेला कॅमेरा असाच दिसतो. ऊब असली की सगळीकडेच वीज झिरपते, चांगल्या जागीसुद्धा. हे बघून काहीच ठरवता येत नाही. आधी गार व्हायला पाहिजे तो."

"आणि गार व्हायला वेळ कुठं आहे?"

"आता ती दक्षिण ध्रुवावरून पलीकडे जाईल, रात्रीच्या बाजूला. अंधारात थोडा निवेल की."

"थोडा. आणि परत उन्हात आली की परत तापेल. आपणच सांगितलंय तिला, पाठ सूर्याकडेच धर म्हणून." सर उठून खिडकीपाशी गेले. "तुझा दोष नाही, वैजयंती. मीच पाठवली कमांड. मला वाटलं होतं... जाऊ दे, काय वाटलं होतं ते."

"सर, या खेपेला सावलीत वळायला सांगू. उद्यापर्यंत निवेल. एक दिवस मागा फक्त. पाया पडते तुमच्या."

"नाही."

"एका दिवसानं कुणाचं काय जातंय?"

"मी शब्द दिलाय!" सर ओरडले. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. लेक रडायला लागली, आणि सर लगेच ओशाळून म्हणाले, "चुकलं, चुकलं. माझं चुकलं गं."

आईनं मला कोपऱ्यात पाठमोरी बसवलं. मी लेकीला पाजायला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. माझ्या मागे असिफ त्याच्या खुर्चीत बसून राहिला होता. सर येरझाऱ्या घालत होते. त्या वेळात टिटवी पृथ्वीच्या पलीकडे होती, जिथं आमचं कुणाचंच काही चालत नव्हतं. खाली समुद्र, वर आकाश, आणि मधे ही एवढीशी पेटी, आम्ही दिलेलं दुखणं पाठीवर घेऊन. मला वाटलं, निदान तिच्याजवळ कुणी असायला हवं होतं. वेडेपणा आहे, पण वाटलं खरं.

वेळ झाली. सर टेबलापाशी येऊन बसले. चष्मा पुसला, सांकेतिक शब्द घातला आणि गप्प करायची कमांड स्वतःच्या बोटांनी टाईप केली. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं बाकी होतं.

"तिचा आवाज आला की लगेच पाठवतो," ते म्हणाले. "उगाच लांबवायला नको."

मी लेकीला आईकडे दिलं आणि सरांच्या मागे जाऊन उभी राहिले. अँटेना वळला. खरखर, खरखर, आणि मग शीळ.

सरांचं बोट बटणावर गेलं.

"सर, थांबा!" असिफ उठून उभा राहिला होता.

"असिफ, आता नको."

"सर, तापमान बघा. कॅमेऱ्याचं."

मघाशी तो आकडा चाळीसच्या वर होता. आता तो बारा होता. आमच्या डोळ्यांदेखत अकरा झाला.

"तापमापक बिघडला असेल," सर म्हणाले.

"बॅटरी पण निवलीय. सगळी पाठ निवलीय." असिफ पडद्यावरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवत गेला. "सर... ती वळलीय. पाठ सावलीत आहे तिची."

"कशी वळेल? मी कुठं सांगितलं? तू सांगितलंस?"

"मी कुठं!"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. ती आमचा हुकूम मोडून वळेल अशी एकच वाट होती, आणि ती आम्हीच तिच्यात ठेवली होती. तारे ओळखता आले, स्वतःची दिशा स्वतःला कळली, तरच तिनं आमचं ऐकायचं नाही. मग स्वतःचं स्वतः बघायचं.

"सर," मी म्हणाले, "तिला तारे दिसले."

पडद्यावर फोटो उतरायला लागला. पहिली ओळ काळी. दुसरी काळी. काळं, काळं, मध्येच एखादा ठिपका, परत काळं. अजून खोटे तारे होते त्यात, नव्हते असं नाही. सगळेच अणू काही परत गेले नव्हते. पण जे उरले होते ते विरळ होते, आणि त्यांच्या मधोमध, ठसठशीत, खरे तारे होते. टिटवीनं स्वतः ओळखलेल्या ताऱ्यांभोवती बारीक चौकटी काढल्या होत्या. तीन चौकटी. तिला तेवढ्या पुरतात.

मी ते बघत राहिले. पुढं पुष्कळ वर्षं मी हाच विषय शिकवला, फळ्यावर त्याची आकृती शेकडो वेळा काढली, पण त्या क्षणी जे वाटलं ते मला कधी शिकवता आलं नाही. आम्ही केलं काय होतं? तिला ऊन दाखवलं होतं, बस्. त्या अणूंना कुणी हाताला धरून जागेवर नेलं नव्हतं. कुणाचा हात पोचणार होता तिथं? ऊब लागली, ते थरथरले, सरकले, आणि आपापल्या पानावर जाऊन बसले. मग पृथ्वीच्या पलीकडच्या अंधारात, जिथं आम्ही कुणीच नव्हतो, थोडं निवताच तिनं एकटीनं डोळे उघडले, तीन तारे शोधले आणि कूस बदलली. आम्ही इथं तिच्या मरणाची कमांड टाईप करत बसलो होतो!

"बगू दे की मला," आई लेकीला घेऊन पुढं आली. पडद्याकडे बघून तिनं आपसूक हात जोडले. कशाला जोडतेस म्हणून मी विचारलं नाही. माझेही जोडले गेले होते.

सरांनी बटणावरचं बोट उचललं. टाईप केलेली कमांड त्यांनी एकेक अक्षर करून पुसली. घाई केली नाही. शेवटचं अक्षर गेल्यावर फोन उचलला आणि नंबर फिरवला. खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचं बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हां, बोला उपळेकर सर. केलं का बंद?"

"नाही केलं."

"अहो, पण मुदत..."

"नाडगौडा साहेब, तिला दिशा सापडली आहे. सकाळी नव्हती, आता आहे. फोटो पाठवतो, तुम्ही बघा आणि मग काय ते ठरवा. तुमच्या नियमात दिशा असलेला उपग्रह बंद करायचं कुठं लिहिलेलं नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग नाडगौडा म्हणाले, "सापडली? महिनाभर सापडत नव्हती ना? एवढ्यात दुरुस्त कुणी केली?"

सरांनी असिफकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या कानाच्या फडक्याकडे, आईकडे. पलीकडून नाडगौडा हॅलो, हॅलो करत होते.

"कुणी नाही हो," सर अखेर म्हणाले. "तिची ती बरी झाली."

त्यांनी फोन ठेवला, टेबलावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही. शीळ अजून येत होती. ती दक्षिणेकडे पार विरून जाईपर्यंत आम्ही सगळे तिथंच उभे होतो.